सहावं अक्षर

मी गडचिरोलीची. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघण्यात तीन वर्षं गेली. पुण्यात विद्यापीठाच्या बायोइन्फर्मॅटिक्स विभागात पहिल्या प्रॅक्टिकलला बसले, तर समोर फक्त काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. माऊसने काही उघडेना; कमांड टाइप करायची होती आणि मला एकही येत नव्हती. शेजारचा मुलगा कॉम्प्युटर सायन्सचा. त्याची बोटं कीबोर्डवर झरझर चालायची, पण अमिनो आम्ल म्हणजे काय ते त्याने मला विचारलं. अर्धा वर्ग त्याच्यासारखा होता, अर्धा माझ्यासारखा.

मॅडमनी सांगितलं, ओळखीचं एखादं प्रथिन निवडा. मला विचार करावा लागला नाही. माझ्या मावसभावाला सिकलसेल आहे. लहानपणी हातपाय दुखून तो रात्र रात्र रडायचा आणि मावशी त्याचे पाय चोळत बसायची. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्या एका बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे मला पाठ होतं.

डेटाबेसमधून फास्टा फाइल उतरवली. वर एक ओळ नावाची, खाली सलग इंग्रजी अक्षरं. एका अमिनो आम्लाला एक अक्षर, ही पद्धत मार्गारेट डेहॉफ यांची. १९६५ साली त्यांनी प्रथिनांच्या सिक्वेन्सचा पहिला संग्रह छापला, त्यात ६५ प्रथिनं होती. मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजलं. एम, व्ही, एच, एल, टी, पी. सहावं अक्षर पी, म्हणजे प्रोलिन. ग्लुटामिक आम्लाचा ई सातवा.

पुन्हा मोजलं. फाइल पुन्हा उतरवली. घशाला कोरड पडली. ज्या आजारापायी मी हे शिकायला आले, त्याचीच जागा मला सापडत नव्हती. शेजाऱ्याने मात्र पायथनमध्ये ‘सहा’ लिहून पाहिलं आणि त्याला ई मिळाला. आता मला काहीच कळेना.

मॅडमनी एकच विचारलं, “मोजायला सुरुवात कुठून केलीस?”

मग उलगडत गेलं. पेशी प्रथिन बांधते तेव्हा पहिलं अमिनो आम्ल मेथिओनिन, म्हणजे एम. हिमोग्लोबिनच्या साखळीतून ते पुढे कापलं जातं. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली तो एका अमिनो आम्लाचा फरक दाखवला, तो रक्तातलं तयार प्रथिन तपासून. त्या प्रथिनात एम नव्हताच, म्हणून जुन्या पुस्तकांतली साखळी १४६ची आणि जागा सहावी. डेटाबेस जनुकावरून लिहितो, म्हणून त्याची साखळी १४७ची आणि जागा सातवी. पायथन शून्यापासून मोजतो, म्हणून त्याचा सहा म्हणजे आपला सातवा. शेजाऱ्याचं उत्तर बरोबर होतं, कारण मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मला माझ्या चुकीपेक्षा त्या बरोबर उत्तराची जास्त धास्ती वाटली.

पुढच्या आठवड्यात डीएनए. सिकलसेलमध्ये जीएजीचं जीटीजी होतं, तेवढं शोधायचं होतं. अकराव्या गुणसूत्राच्या फाइलमध्ये त्या जागी होतं सीटीसी. या वेळी घाबरले नाही. बीटा साखळीचा जनुक डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावर आहे आणि फाइलमध्ये पहिला धागा लिहिलेला असतो. उलट्या दिशेने, जोडीची अक्षरं घेऊन वाचलं की सीटीसीचं जीएजी होतं. वहीत मी दोन्ही धागे काढले, बाण दाखवले. ते पान अजून जपून ठेवलं आहे.

ब्लास्ट, अलाइनमेंट, प्रथिनांच्या त्रिमितीय रचना, हे सगळं नंतर आलं आणि सवयीने जमलंही. पण सॉफ्टवेअर शिकवण्याआधी हे मोजणं शिकवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. चुकीच्या जागेचा आकडा दिला तरी प्रोग्राम तक्रार करत नाही. नीटनेटकं उत्तर देतो. त्या उत्तरावर उद्या कुणी तपासणीचं किट बनवेल, आणि ते माझ्या मावशीसारख्या कुणाच्या तरी दारात पोहोचेल.

जीवशास्त्र शिकून या विषयाकडे येणाऱ्यांना माझी विनंती आहे. काळ्या स्क्रीनला भिऊन परत फिरू नका. आपल्या माणसांशी नातं असलेला एक जनुक निवडा, तो कागदावर उतरवा आणि पहिल्या दिवशी हाताने मोजा.