दोन काफ

उर्दू शिकवणाऱ्याला दोन काफ सांभाळावे लागतात. छोटा काफ आपल्या नेहमीच्या 'क'सारखा; बडा काफ आणखी मागून, पडजिभेपाशी उमटणारा. मराठीत दोन्ही 'क'च लिहितो, तेव्हा फरक कानानेच धरायचा. अरबीत 'कल्ब' बड्या काफने म्हटला तर काळीज आणि छोट्याने म्हटला तर कुत्रा! नमाजमध्ये उभ्या राहणाऱ्याला हा फरक क्षुल्लक कसा वाटेल?

2020 साली शाळा बंद झाल्या आणि आमच्या मुलांनी हे धडे मोबाईलवर, घरात सापडेल तो इअरफोन लावून ऐकले. शाळा उघडल्यावर वाचन घेतले, तर बडा काफ अर्ध्या वर्गातून गायब. सगळा दोष इअरफोनचा नव्हे, पण त्याचा वाटा होताच. आता पालक विचारतात, "सर, कौनसा लेके देऊँ?" हजार-दीड हजार म्हणजे कित्येकांची दोन-तीन दिवसांची मजुरी. उत्तर अंदाजाने देणे बरे दिसेना. म्हणून स्टाफरूममधल्या आम्ही चौघांनी वर्गणी काढून दोन हजारांच्या आतले तीन जोड मागवले आणि महिनाभर आळीपाळीने वापरले.

यांना 'इन-इअर मॉनिटर' म्हणतात. हे मूळचे मंचावरच्या कलावंतांचे साधन. 1995 मध्ये जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रमवादकासाठी असे जोड बनवले. तेव्हाचे ते खर्चिक काम चिनी कंपन्यांनी आता मास्तरांच्या खिशात बसवले आहे.

पारखायला आम्ही मुद्दाम गाणे-बजावणे आधी घेतले नाही. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांची तिलावत लावली. 1961 मध्ये संपूर्ण कुराणाचे त्यांचे पठण ध्वनिमुद्रित झाले. एकेक हर्फ वेगळा ठेवण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. पहिल्या जोडात आवाज भारदस्त आला, पण सीन आणि स्वाद जुळे भाऊ झाले. बास फार वाढवला की व्यंजनांच्या बारीक कडा त्याखाली दबतात. मग बेगम अख्तर लावल्या. वरच्या सुरात त्यांचा आवाज क्षणभर चिरतो, तिथेच तर रसिक 'वाह' म्हणतात. या जोडात ती चीर बुजून गेली. आमच्यातले एक सर म्हणाले, "इसमें तो ढोलकीच ढोलकी है." दुसऱ्या जोडाचे उलटे. त्यात सीनची शीळ इतकी तीक्ष्ण की दहा मिनिटांत डोके धरले.

तिसरा जोड 2023 चा मूनड्रॉप चू-2. त्यात दोन्ही काफ आपापल्या जागी ऐकू आले, चीरही आली.

पण आवाज आणि आराम वेगळे काढता येत नाहीत, हे आपांमुळे कळले. रबरी टोपी कानाच्या नळीत नीट बसली नाही की बास निसटतो आणि चांगला जोडही पत्र्यासारखा वाजतो. एका आपांच्या डाव्या कानाला लहान टोपी लागली, उजव्याला मधली. वायर कानावरून मागे न्यायची, म्हणजे तिच्या घासण्याची खरखर कमी होते. त्यावर स्कार्फ घट्ट बांधला तर कवच कानाच्या पाळीत रुतते. दुसरा जोड आकाराने मोठा. तासाभरात कान लाल. चू-2 चे कवच लहान, म्हणून दोन्ही आपांनी तोच पसंत केला. स्कार्फ आधी, इअरफोन नंतर, असा खटाटोप कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळत नाही. लिहिणारे बहुधा उघड्या कानाचे!

टोपी घट्ट बसली की बाहेरचा गोंगाट अडतो आणि आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालते. 90 झाले की चारच तास. तोटा एवढाच की अजान झालेली कळत नाही आणि स्वयंपाकघरातून मारलेली हाकही.

पालकांना आता तिसऱ्याचेच नाव सांगतो. त्याची वायर सुटी होते. पोरे आधी वायरच तोडतात, तेव्हा फक्त तीच बदलता येते. आणि पेटीतल्या सगळ्या टोप्या लावून पाहायला सांगतो. बासवाला जोड शिपाईमामांना दिला. ते कव्वाली ऐकतात आणि फार खूश आहेत.