भुताचं खातं

भुतालासुद्धा जात असते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बामणाचा पोर, त्याला अख्खा पिंपळ राखीव. ब्रह्मराक्षसाची जात तर नावातच आली. आपला माणूस मेल्यावर कुठं ऱ्हातो, असं आजीला विचारलं तर ती म्हणायची, "जित्तेपणी जागा न्हाई, मेल्यावर कोण देतंय?"

१९८८ साली करी रोडच्या चाळीत आम्ही चौघांनी भुताचा पिच्चर काढला तेव्हा हे डोक्यात नव्हतं. डोक्यात रामसे होते. सात भाऊ. कोणी कॅमेरा धरी, कोणी आवाज सांभाळी, कोणी कापाकापी करी. १९७२ ला घरचीच माणसं महाबळेश्वरला नेऊन त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' उभा केला. घरच्या माणसांवर पिच्चर होतो, तर आमच्या दहा बाय दहात माणसं काय कमी होती?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून एका रात्रीपुरता कॅमेरा आणला. रक्त म्हणून साखरेचा पाक अन् जिलबीचा रंग. मुडद्याला मुंग्या लागल्या, मुडदा उठून पळाला. धुक्यासाठी ऊद जाळला तर सगळी चाळ खोकायला लागली.

हडळीला आयचं पांढरं लुगडं मागितलं. आय भडकली, "ह्ये नेसून मी वंदनेला जाते. भुताला घालू व्हय?" एक कार्यकर्ता दोस्त म्हणाला, बावीस प्रतिज्ञा घेऊन देव सोडले, आता भूत धरता? दोघंही बरोबर होते. हडळ गेली.

बाप गप ऐकत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, तेव्हापासून तो मिलच्या आत गेला नव्हता. म्हणाला, "माझ्या बापाचं भूत करा."

आजा रिंगखात्यात झिजला. साचेखात्यात त्याला मज्जाव. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढायचा, अन् महाराचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यांनी कसा ओठाला लावायचा? पगार मात्र साच्यावर जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला होता. ते मी पुस्तकात फार नंतर वाचलं, ऐकलं बापाकडून.

बापानं माळ्यावरून धोटा काढला. कुठून आणला, विचारलं नाही. मिशांना, भुवयांना कापूस लावून तो जिन्याखालच्या अंधारातून आला. साच्याचा आवाज म्हणून शेजारची मावशी शिलाई मशीन चालवत होती. बापानं धोटा ओठाला लावला, धागा ओढला. पुन्हा लावला, पुन्हा ओढला. मी बस म्हणालो, तरी ओढतच होता. शेवटी बॅटरी संपली.

पिच्चर अकरा मिनिटांचा. कॅसेटला पुढं बुरशी लागली. भाड्याच्या व्हीसीआरवर दाखवला तेव्हा मुडदा पळाला अन् चाळ पोट धरून हसली. बाप आला तेव्हाही पोरं हसली. मागं उभे असलेले दोन म्हातारे साचेवाले मात्र गॅलरीत निघून गेले.

त्यातला एक दुसऱ्या दिवशी नळावर बापाला म्हणाला, "धोटा बरोबर धरला होतास. कुठं शिकलास?"

"दारातनं बघून," बाप म्हणाला, अन् बादली उचलली.