लुकलुकणं म्हणजे चमकणं नव्हे

पेण

चि. माईस,


तुझी काजव्यांची गोष्ट रोह्याहून पोचली. गोष्ट वाचून आनंद झाला, आणि समासातल्या तुझ्या खुणा पाहून तितकंच वाईट वाटलं. लुकलुकणे खोडून ‘चमकणे’, भिरभिरणे खोडून ‘फिरणे’, थरथरणे खोडून ‘हलणे’. शेजारी टीप, ‘मुलांसाठी सोपं केलं; बाकी नुसते नादशब्द.’ तू विचारलंस इतकंच की वाक्यं आता नीट बसतात का. बसतात. पण तो ‘नुसते’ मनातून जाईना, म्हणून हे उत्तर लांबणार. आपला हा वाद जुना आहे, रागावू नकोस.

नादशब्द म्हणतेस, पण उजेडाला नाद असतो का? कडकडणे, खळखळणे हे कानाने टिपलेले शब्द, हे कबूल. तारा लुकलुकताना मात्र काहीच ऐकू येत नाही. शाळेचं व्याकरण या सगळ्यांना ‘अनुकरणवाचक’ या एकाच खणात टाकतं आणि पुढे जातं. अनुकरण कशाचं, हे विचारायला हवं होतं. माझं म्हणणं असं की ते हालचालीच्या मापाचं अनुकरण आहे. लकलक आणि लुकलुक शेजारी ठेव. व्यंजनं तीच, बदलला तो फक्त स्वर. घासलेलं भांडं लकलकतं, तारा लुकलुकतो. मूर्तीचा ताजा रंग तकतकीत, बाळाची कांती तुकतुकीत. माणूस भरभर चालतो, पाकोळी भिरभिरते, पाऊस भुरभुरतो. तोंड उघडं राहतं तिथे जोर किंवा विस्तार, मिटत येतं तिथे बारीकपणा. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने १९२९ साली ‘मिल’ आणि ‘माल’ असे दोन निरर्थक शब्द लोकांपुढे ठेवले आणि दोन्हींचा अर्थ टेबल धरला तर यातलं मोठं टेबल कोणतं असं विचारलं, तेव्हा बहुतेकांनी ‘माल’कडे बोट दाखवलं.

तू लगेच म्हणशील, थरथर तर बारीक असून अकारी आहे. बरोबर. हा नियम नव्हे, कल आहे. भाषा गणितासारखी चालत नाही. पण दुसरा पुरावा बघ. झगमगाट, लखलखाट, चकचकाट आपण सहज म्हणतो. लुकलुकाट, मिणमिणाट कुणी म्हणत नाही. दुबळ्या उजेडाला मराठी ‘आट’ लावत नाही. ती म्हणते लुकलुकता तारा, मिणमिणता दिवा. हे कुठल्याही पुस्तकात शिकवलेलं नसतं, तरी बोलताना आपण त्यात चुकत नाही. ज्याला इतकी काटेकोर घडण आहे त्याला ‘नुसते’ कसं म्हणायचं?

आता तुझ्याच विषयाकडे येऊ. सूर्य चमकतो, काच चमकते. काजवा पेटतो आणि विझतो, ठरावीक लयीत, आणि ती लय म्हणजेच त्याचं बोलणं. जातीजातीची उघडझाप वेगळी असते. पुष्कळ जातींत नर उडता उडता खूण करतो, मादी ती ओळखून उत्तर देते. ‘काजवा चमकला’ लिहिलंस की ते बोलणंच पुसलं गेलं. आकाशाचंही तसंच. ताऱ्याचा प्रकाश आपल्या हवेच्या थरांतून येताना डळमळतो म्हणून तो लुकलुकतो. शुक्र किंवा गुरू बहुतेक वेळा स्थिर दिसतो. ज्या मुलाजवळ लुकलुकणे हे क्रियापद आहे त्याला ग्रह आणि तारा यांतला फरक दुर्बिणीशिवाय सांगता येतो. दोन्हींना चमकणे लावलं, तर फरक पाहायची गरजच उरत नाही. इथल्या गणपतीच्या कारखान्यांतही मुकुट झळाळतो, चमकी चमचमते, आणि आखणी झालेला डोळा यांपैकी काहीच न करता नुसता पाहतो. तीन वेगळी कामं, तीन वेगळे हात.

राहिला आपल्या जुन्या वादातला तुझा खरा आक्षेप, की रोह्याच्या मुलांनी मिणमिणता दिवा कधी पाहिलाच नाही. दिवा गेला, पण मिणमिणणं गेलं का? वीज कमी दाबाने आली की बल्ब मिणमिणतोच, आणि मोबाईलच्या मनोऱ्यावरचा लाल दिवा रात्रभर लुकलुकतो. शब्द वस्तूला चिकटलेला नव्हता. तो प्रकाशाच्या वागण्याला चिकटलेला होता. आणि ‘सोपं’ म्हणशील, तर आगरी किंवा कातकरी बोलीत वाढलेल्या मुलाला ‘प्रकाशमान’ परका वाटेल, असे जोडशब्द परके वाटणार नाहीत. भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी १९६९ साली दाखवलं की अशा शब्दांची घडण भारतातल्या वेगवेगळ्या भाषाकुळांत सारखी आढळते. म्हणजे घरची बोली आणि पुस्तकाची मराठी जिथे सहज भेटतात, नेमकी तीच जागा तू खोडलीस.

मला काळजी शब्दकोशाची नाही. कोशात हे शब्द राहतील. काळजी डोळ्यांची आहे. ज्या फरकाला शब्द नाही तो मूल दोनदा बघतं, तिसऱ्यांदा बघत नाही. म्हणून एवढं ऐक: खोडलेली क्रियापदं परत घाल, शेजारी अर्थ देऊ नकोस, आणि गोष्ट मुलांना मोठ्याने वाचून दाखव. अर्थ त्यांना कळेल.

तुझा,
दादा