विसातला एक गुंठा

पनवेलच्या पंचक्रोशीत वीस गुंठे जमीन हाती आली की पहिला मोह होतो तो ऐसपैस बंगल्याचा. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर, २१,७८० चौरस फूट. त्यातला एकच गुंठा घराला दिला तर १,०८९ चौरस फूट मिळतात. चौघांचा संसार तेवढ्यात नीट मावतो आणि एकोणीस गुंठे मोकळे राहतात. हे एकोणीस गुंठेही घरातच मोजले जावेत, इतके जवळचे व्हावेत, यासाठी सगळा आराखडा.

आखणीआधी एक पावसाळा जमीन नुसती पाहावी. पनवेलला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठल्या बांधावरून निघून जाते, हे तेव्हाच कळते. घर उंचवट्यावर घ्यावे, जोते चांगले उचलून बांधावे. जमिनीच्या मधोमध मात्र बांधू नये. मधले घर मोकळ्या जागेचे चार अरुंद पट्टे करते आणि स्वतः चहूबाजूंनी उघडे पडते. तेच एका कडेला सरकवले की समोर सलग अंगण मिळते, आणि पाठ आपोआप झाकली जाते.

पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते आणि उन्हाळ्यातल्या दुपारचे ऊन पश्चिमेकडून. त्या अंगाला न्हाणीघर, कोठीची खोली, जिना असावा. निजण्याच्या खोल्या उत्तरेला आणि पूर्वेला. मेच्या मध्याला इथे सूर्य भर माथ्यावरून जातो, म्हणून छपराचा विचार भिंतींच्या आधी करावा. मंगलोरी कौलांचे उतरते पाखे आणि रुंद वळचण असली की ऊन दूर राहते, भिंती ओलावत नाहीत, आणि पागोळ्यांखाली खिडकी उघडी ठेवता येते. एक गुंठ्याच्या छपरावर वर्षभरात तीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. ते पन्हळीतून टाकीत आणि विहिरीत उतरवावे.

एकांताची सोय कोकणातल्या जुन्या घरांनी फार सुरेख केली होती. अंगण, पडवी, ओटी, माजघर, मागीलदार अशा पायऱ्यांनी घर आत आत जाते. वाटसरू अंगणात थांबतो, पाहुणा ओटीवर टेकतो, आप्त माजघरापर्यंत येतात. कुणाला अडवावे लागत नाही, आणि आतल्याला उघडे पडल्यासारखे वाटत नाही. लहान घरात एवढी दालने शक्य नसली तरी क्रम राखता येतो. दार वाटेच्या सरळ रेषेत नसावे, ओटीवरून स्वयंपाकघर दिसू नये, आणि मागच्या अंगणात घरच्यांखेरीज कुणाची नजर पोचू नये.

लहान जागेतही आकाश घराच्या वाट्याला देता येते, हे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी शेजारच्या बेलापूरला १९८३ ते १९८६ या काळात बांधलेल्या वसाहतीत दाखवले. तिथे सात-सात घरे एकेका छोट्या चौकाभोवती बसवली. प्रत्येकाला स्वतःचे अंगण आणि सुट्या भिंती, म्हणजे संसार वाढेल तसे घर वाढावे. रायगड जिल्ह्यातल्या नांदगावी स्टुडिओ मुंबईचे बिजॉय जैन यांनी २००७ साली माडांच्या बागेत वेगळी वाट धरली. पामायरा हाउस हे एक घर त्यांनी दोन लांबट लाकडी भागांत विभागले आणि त्यांना ताडाच्या लाकडाच्या झडपा लावल्या. त्यांतून वारा आणि उजेड आत येतो, आणि आतले माणूस आडोशाला राहते. दोन्हीकडचे शहाणपण पनवेलला उपयोगी पडते: निजण्याच्या खोल्या एका अंगाला, बसणे-जेवणे दुसऱ्या, आणि मध्ये छपराखालची मोकळी पडवी.

शेवटी कुंपण. उंच भिंतीने वारा कोंडतो आणि पूर्वेच्या प्रबळगडाचा, दक्षिणेला दिसणाऱ्या कर्नाळ्याच्या सुळक्याचा देखावा हरवतो. करवंदाची दाट जाळी कडेला, तिच्या आत शेवगा आणि कोकम, त्याच्याही आत आंबा-फणस, अशी तिहेरी झाडी नजर अडवते आणि वारा गाळून आत सोडते. घर वर्षा-दीड वर्षात उभे राहते. झाडीला मात्र कित्येक पावसाळे लागतात. म्हणून कुंपणाची रोपे जोते खणण्याआधी लावावीत.