पाण्यातला ध्रुव

महाराष्ट्रात चांदण्यांचं प्रतिबिंब टिपायचं तर आधी पाण्याचं पंचांग जुळवावं लागतं. आकाशगंगेचा धनु-वृश्चिकेकडचा गाभा रात्री डौलात वर येतो तो चैत्र-वैशाखात, आणि नेमकी तेव्हा धरणं आटलेली असतात. काठ आत सरकलेला, मधे भेगाळलेला गाळ. जूननंतर पाणी चढतं तर वर ढगांचं छत. दसऱ्याला धरण तुडुंब आणि आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखं, पण तोवर धनु रास दिवेलागणीलाच पश्चिमेला कलंडलेली. बोलिव्हियातल्या सालार दे उयुनीचे फोटो लोक मला हौसेने पाठवतात. दहा हजार चौरस किलोमीटरचं मिठाचं मैदान, पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर, आणि त्यात सगळी आकाशगंगा. बघते, हेवा करते आणि आपल्या वाट्याला आलेल्या मृगाकडे वळते. मार्गशीर्ष ते माघ हा आपला हंगाम. पाणी काठोकाठ, हवा कोरडी, आणि उत्तररात्री वारा पडला की धरण तासन्‌तास हलत नाही. तेवढ्यात धुकं नाही आलं तर आपलं नशीब.

पाण्यातल्या चांदण्यांची माझी ओळख मात्र धरणावरची नाही, संगमनेरच्या आमच्या वाड्यातल्या हौदावरची. रात्री जेवणं झाली की आजी हौदावर भांडी विसळायची आणि आम्ही पोरं काठावरून आत डोकवायचो. पाणी स्थिर झालं की डोक्यावरचा गुरू आत दिसायचा, व्याध दिसायचा. कृत्तिका कधीच दिसल्या नाहीत. वर बघितलं की सहाच्या सहा मोजता यायच्या, खाली नुसता काळोख. आजीचं उत्तर ठरलेलं होतं: “बारीक चांदण्या पाणी पिऊन टाकतं गं.”

पुढे कॉलेजात प्रकाशाच्या परावर्तनाची सूत्रं शिकले तेव्हा कळलं, आजीचं अगदी बरोबर होतं. सरळ वरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २ टक्के पाणी परत देतं, बाकीचा आत घेतं. नजर जसजशी तिरकी होईल तसतसं ते सढळ होत जातं. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ताऱ्याचा ६ टक्के प्रकाश परत येतो, १० अंशांवरच्या ताऱ्याचा ३५ टक्के. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रतीत सांगायचं तर ३० अंशांवरचा तारा पाण्यात तीन प्रतींनी मंदावतो. वर सहाव्या प्रतीपर्यंत दिसत असेल तर खाली तिसऱ्याच्या पुढचं सगळं गडप.

फोटो काढायला लागले ते १९९७ साली, हेल-बॉप धूमकेतूमुळे. वायव्येला संध्याकाळी तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा आणि त्याचा फोटो आपल्याकडे नाही, हे मला सहन होईना. काकांचा जुना रशियन झेनिट कॅमेरा मागून आणला. पण शटर वीस सेकंदांपेक्षा जास्त उघडं ठेवलं की तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊन येत, कारण पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी मारते आणि ती माझ्या कॅमेऱ्यासाठी थांबणार नव्हती. त्यावरचा उपाय जॉर्ज हेग नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात दिलेला होता: दोन फळ्या, एक बिजागरी, एक आटे पाडलेला रॉड. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, खालची फळी पक्की, वरच्या फळीवर कॅमेरा. रॉड मिनिटाला एक फेरी फिरवला की फळी पृथ्वीच्याच वेगाने उलटी उघडत जाते. एक मिलिमीटर आट्यांचा सहा मिलिमीटरचा रॉड घेतला तर तो बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर बसवायचा. गल्लीतल्या सुतारकाकांनी तो मिलिमीटरसुद्धा इमानाने पाळला. मुलीला हे कशाला हवंय, असं त्यांनी विचारलं नाही. फळी सागाची हवी की आंब्याची, एवढंच विचारलं. ध्रुव साधायला बिजागरीच्या बाजूला रिकाम्या बॉलपेनची नळी चिकटवली होती. मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत दर पंधरा सेकंदांनी रॉडला पाव फेरी द्यायची, श्वास रोखून.

रोल धुवायला टाकताना पहिला फोटो मुद्दाम दिवसाउजेडी घरच्या कुणाचा तरी काढून ठेवायचा, नाहीतर स्टुडिओतला मुलगा ‘ब्लँक आहे’ म्हणून निगेटिव्ह तशीच परत द्यायचा, किंवा अंधारात चौकटीची कड न सापडून मधोमध कापायचा. त्यामुळे माझ्या त्या काळातल्या प्रत्येक रोलच्या सुरुवातीला आजी आहे, बऱ्याचदा कंटाळलेली.

फळ्यांच्या जागी आता मोटरवर चालणारा ट्रॅकर आला, फिल्मच्या जागी सेन्सर. झेनिट कपाटात आहे. यापेक्षा जास्त त्या बदलाबद्दल सांगण्यासारखं नाही. फोटो सोपे झाले, ते आकाशाचे. पाण्याचं कोडं तसंच राहिलं आणि ते सोडवायला मी भंडारदऱ्याला जायला लागले. तिथली नदी ती प्रवराच, आमच्या गावावरून वाहणारी, वर १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडवलेली.

ट्रॅकर घेणारा माणूस तो आकाशाकडे लावतो. साहजिक आहे. पण हिशेब मांडून बघा. आकाश उजळ, त्याला एक मिनिट पुरतं. भंडारदऱ्याहून ध्रुव साडेएकोणीस अंशांवर दिसतो. त्या उंचीच्या ताऱ्याचा प्रकाश पाणी सातातला एक भाग परत देतं. म्हणजे पाण्याला सात मिनिटं हवीत. ट्रॅकरची खरी गरज पाण्याला, आणि आकाशाच्या मापाने लावलेला ट्रॅकर पाण्याच्या कामाचा नाही. वरच्या ताऱ्यांमागे कॅमेरा फिरला की खालच्यांच्या रेघा दुप्पट वेड्यावाकड्या होतात. प्रतिबिंब ही आकाशाची नक्कल असेल, पण ते फिरतं स्वतःच्या ध्रुवाभोवती.

उत्तरेकडे तोंड करून काठावर उभं राहा. वर ध्रुव, साडेएकोणीस अंशांवर. पाण्यात तेवढाच खाली दुसरा ध्रुव. वरचे तारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, खालचे सुलट. आता ट्रॅकरचं नाक पाण्यात, काठाखालच्या त्या दुसऱ्या ध्रुवाकडे रोखायला हवं, आणि तिपाईवर ते जमत नाही. पण अक्ष म्हणजे रेघ, तिला दुसरं टोक असतंच. उत्तरेला खाली गेलेली रेघ मागे दक्षिणेला तेवढीच वर निघते. म्हणजे करायचं इतकंच की ट्रॅकरचा तिरकेपणा तसाच ठेवून तो पाठमोरा, दक्षिणेकडे वळवायचा. उत्तर-दक्षिण गोलार्धाचं बटण असतं, त्याला हात लावायचा नाही. ऑस्ट्रेलियात गेलात तर ते बदलावं लागतं. पाण्यातल्या आकाशासाठी नाही. दक्षिणेला त्या जागी खूण म्हणून कुठला तारा नसतो, म्हणून आधी उत्तरेला ध्रुव नीट साधून घ्यायचा आणि मग खालची पॅनिंग प्लेट बरोबर १८० अंशांनी फिरवायची. तिपाई पाणसळीत नसेल तर सगळं मुसळ केरात.

हे मी पहिल्यांदा गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून भाच्याला समजावलं. तो इंजिनिअरिंगला होता, आणि ट्रॅकरच्या ध्रुवदुर्बिणीतून बघायला चिखलात आडवं पडायचं काम त्याच्याकडे असायचं, कारण आपल्या अक्षांशावर ध्रुव फार खाली. त्याने वहीकडे बघितलं, ट्रॅकरकडे बघितलं आणि म्हणाला, “मावशी, म्हणजे रुसून पाठ फिरवायची, बाकी काही बदलायचं नाही.” मला याहून सोपं सांगता आलं नसतं.

ध्रुव आणि पाण्यातला ध्रुव यांच्यातलं अंतर अक्षांशाच्या दुप्पट, ही गोष्ट मोजणीदारांना केव्हाची ठाऊक होती. पंडित नैनसिंह रावत १८६५-६६ मध्ये यात्रेकरूच्या वेशात तिबेटात गेले, तेव्हा कवड्यांमध्ये पारा दडवून नेला होता. रात्री तो लाकडी वाडग्यात ओतायचा, तारा आणि पाऱ्यातला तारा यांच्यातला कोन सेक्स्टंटने मोजायचा आणि निम्मा करायचा. ताऱ्याची उंची मिळाली, तिच्यावरून अक्षांश. पारा चांदण्या पीत नाही, हा त्यांचा फायदा.

आमचा फायदा वेगळा. भंडारदऱ्याला हे अंतर ३९ अंश भरतं, आणि ३५ मिलिमीटरच्या लेन्सने उभ्या चौकटीत दोन्ही ध्रुव ऐसपैस मावतात. लडाखात हानलेला त्यासाठी बरीच रुंद लेन्स लागेल, युरोपात तर त्याहूनही रुंद. ध्रुव चिखलात झोपून शोधावा लागतो त्याची ही भरपाई. ट्रॅकर बंद ठेवून तासभर शटर उघडं ठेवलं की वर एक चक्र, खाली एक चक्र.

पण माझं मन बसलंय ते दक्षिणेच्या दृश्यावर. अकोले गावी प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. त्यांच्या तपाने प्रवरा अवतरली अशी कथा परिसरात कुणीही सांगेल. आणि पावसाळा सरताना अगस्तीचा तारा उगवला की गढूळ पाणी निवळतं, हे आपल्या पूर्वजांचं निरीक्षण. समुद्र पिणारा ऋषी आणि चांदण्या पिणारं पाणी, दोघांची गाठ घालून द्यायचा मोह मला आवरला नाही. अगस्ती हा व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा, पण भंडारदऱ्याहून तो १८ अंशांच्या वर कधी चढत नाही. पौषात मध्यरात्रीच्या सुमारास, माघात दहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो. उत्तरेकडचा काठ धरून बसायचं.

पूर्वेला तारा उगवतो तेव्हा तो वर जातो आणि त्याचं प्रतिबिंब खाली. दोघं एकमेकांपासून दूर पळतात, कुठलाच ट्रॅकर दोघांना धरू शकत नाही. दक्षिणेला मध्यावर आलेला तारा मात्र ना चढतो ना उतरतो, नुसता उजवीकडे सरकतो. पाण्यातला अगस्तीही उजवीकडेच, त्याच वेगाने. त्या मोजक्या मिनिटांत दोघं बरोबरीने चालतात. मग अक्ष ध्रुवाकडे कशाला हवा? मी तो सरळ डोक्यावर, आभाळाच्या मध्याकडे उभा केला आणि ट्रॅकर निम्म्या वेगावर टाकला. ही निम्म्या वेगाची सोय बऱ्याच ट्रॅकरवर असते, जमीन आणि आकाश दोन्ही थोडंथोडं बिघडवून एकाच चौकटीत बसवायला. अगस्तीला खरं तर निम्म्यापेक्षा थोडा जास्त, ०.६४ पट वेग लागतो. तरी रेघ एक पंचमांशावर आली. पलीकडचा काठ आडवा आणि कॅमेराही आडवाच फिरतोय, त्यामुळे काठाची रेघ स्वतःवरच गिरवली जाते, पुसट होत नाही. झाडं पुसतात. पुसू देत.

त्या फोटोत खालचा अगस्ती वरच्यापेक्षा मला जास्त आवडतो. वरचा सेन्सरवर जळून पांढराफटक झालेला. खालचा बारीक तरंगांनी उभा ताणलेला, आणि प्रकाश असा पसरल्यामुळे ताऱ्यांचे रंग उलट पाण्यातच उमटतात. मृगातली काक्षी पाण्यात लालसर दिसते, राजन्य निळसर.

हल्ली आकाशाचा फोटो संगणकावर उलटा करून खाली चिकटवण्याची टूम आहे. दोन एक्स्पोजर, एक आकाशाला आणि एक पाण्याला, काठाच्या रेघेवर जोडले तर माझी काही तक्रार नाही. मीही जोडते आणि तसं लिहिते. पण उलटं करून चिकटवलेलं ओळखायला दुर्बीण लागत नाही. पाण्यातले तारे वरच्याइतकेच उजळ असतील, पन्नास-साठ अंशांवरची आकाशगंगा खालीही लख्ख दिसत असेल, तर ते पाणी नाही. पाणी इतकं उदार कधीच नसतं.

ते उदार असतं फक्त काठावरच्या दिव्यांशी. पलीकडच्या काठावरचा दिवा क्षितिजालगत, त्याचा प्रकाश पाण्यावर जवळजवळ सपाट येतो आणि पाणी तो जवळपास सगळाच परत देतं. ताऱ्याला सातवा हिस्सा, हॅलोजनला पुरेपूर. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. नागपूरकडच्या मंडळींचं मला कौतुक वाटतं. आमच्या बाजूला मात्र थंडीत काठावर तंबूंची जत्रा असते, आणि प्रत्येक तंबूला दिव्यांची माळ. मागच्या माघात एका कॅम्पवाल्या पोराला जाऊन विनंती केली, अगस्ती मध्यावर असेल तेवढा वेळ तरी माळा बंद ठेव. पोरगा भला होता, चहा दिला, फोटो बघितला, “लई भारी” म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, “पण मॅडम, लायटिंगसाठीच तर पब्लिक येतं. अर्धा तास करतो बंद, चालंल? शेकोटी पेटवायच्या आधी.”

अर्ध्या तासात पाण्याचे चार फोटो होतात. यंदा त्याला आधीच फोन करून वेळ सांगून ठेवली आहे.