चांदीवरचे नाव

आमच्या लहानपणी घरात नवे भांडे आले, की त्यावर नाव घातल्याशिवाय ते फडताळात जात नसे. नावे घालणारा माणूस गल्लीत आला, की शेजारपाजारच्या बायका पातेली, तांबे, वाट्या घेऊन ओट्यावर जमत. बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन तो टक्‌टक् असे ठिपके पाडीत जाई आणि पाहता पाहता त्या ठिपक्यांतून अक्षरे उमटत. कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या दिवशी दिले, एवढे सारे त्या चार बोटांच्या जागेत मावत असे. कुटुंबाचा इतिहास आमच्याकडे वहीत लिहिला गेला नाही. तो मांडणीवर लावून ठेवलेला होता.

घरात चांदीचे म्हणावे असे एकच ताट होते. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी ते दिले होते आणि त्यावर त्यांनी तिचे माहेरचे नाव घालून घेतले होते. लग्नानंतर आईचे नाव बदलले. सासरी तिला त्या जुन्या नावाने कोणी हाक मारली नाही. ते नाव आम्हां मुलांना ठाऊक झाले, ते केवळ सणासुदीला त्या ताटाच्या काठावर वाचून.

मी महाविद्यालयात असताना वडील दीर्घकाळ आजारी पडले आणि ताट मोडण्याची वेळ आली. सोनाराकडे आईबरोबर मी गेलो होतो. ताट तराजूत घालण्यापूर्वी आई त्याला म्हणाली, “अण्णा, आधी नाव तेवढे घासून टाका.” तो हसून म्हणाला, “वहिनी, आटणीत सगळे एकच होते. घासायचे कशाला?” आई काही बोलली नाही, पण जागची हललीही नाही. अखेर त्याने कानस घेतली. नाव पुसले गेल्यावरच तिने ताट त्याच्या हाती दिले. ती असे का वागली, हे त्या दिवशी मला उमगले नाही, आणि विचारण्याचे धैर्यही झाले नाही.

गेल्या वर्षी मुलीकडे लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा हा प्रसंग अनपेक्षितपणे पुन्हा समोर उभा राहिला. तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जुन्या इंग्रजी चांदीची दालने आहेत. प्रथमदर्शनी ती संपत्ती पाहून डोळे दिपतात. पण थोडे थांबून पाहिले, तर ती भांडी वाचता येतात, असे ध्यानात येते. भांड्याच्या तळाशी वा पाठीवर इवलेसे छाप असतात. बिबट्याचे मुख हा छाप 1300 सालच्या कायद्यापासून चालत आला आहे. सालाचे अक्षर 1478 पासून आणि चालणारा सिंह 1544 पासून उमटू लागला. हा सिंह म्हणजे हजार भागांत 925 भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाही. भांडे कोठे तपासले, कोणत्या साली तपासले आणि कोणी घडविले, हे त्या छापांवरून कळते.

छाप सांगतात चांदीचे कूळ; मालकाचे कूळ सांगते ती कुलमुद्रा. सरदार घराण्यांची ढाल, तिच्यावर शिरस्त्राण व तुरा, दोन्ही बाजूंना आधार देणारे प्राणी आणि खाली एखादे बोधवाक्य, अशी तिची मांडणी असते. चांदीवर रंग भरता येत नाही, म्हणून सतराव्या शतकापासून कोरणाऱ्यांनी रेघांचीच एक भाषा स्वीकारली. उभ्या रेघा म्हणजे तांबडा रंग, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी. आणि रुपेरी रंगाची जागा मोकळी सोडायची. जाणकार माणूस त्या बिनरंगी ढालीकडे पाहून तिचे सारे रंग सांगू शकतो.

माझे लक्ष मात्र दुसऱ्याच एका गोष्टीने वेधून घेतले. विवाहित दांपत्याची ढाल उभी दुभंगलेली असते. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला पतीच्या घराण्याची चिन्हे आणि उजव्या हाताला पत्नीच्या माहेरची. अविवाहित स्त्री किंवा विधवा यांची चिन्हे ढालीवर नव्हे, तर टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात कोरीत. कारण ढाल हे लढणाऱ्या पुरुषाचे साधन मानले जाई. या चालीतही स्त्रीला पित्याचे वा पतीचेच चिन्ह मिळे, तिचे स्वतःचे असे नव्हे. तरीही निम्मी ढाल माहेरासाठी राखलेली पाहून मला त्या ताटाची आठवण झाली. शेजारी माझी मुलगी उभी होती. तिने लग्नानंतर आपले नाव बदललेले नाही. ती त्या ढालीकडे पाहून एवढेच म्हणाली, “निम्मी तरी होती.”

त्याच संग्रहालयात रॉबर्ट वॉल्पोल या मुत्सद्द्याचे एक तबक आहे. राजा पहिला जॉर्ज 1727 साली वारला आणि त्याच्या नावाची सरकारी मुद्रा निरुपयोगी झाली. अशी रद्द झालेली चांदीची मुद्रा संबंधित अधिकाऱ्याला देण्याची तेथे प्रथा होती. वॉल्पोलने तिच्या चांदीतून पॉल द लामेरी या नामांकित कारागिराकडून हे तबक घडवून घेतले. त्यावरील कोरीवकाम विल्यम होगार्थचे असावे, असे मानतात. पुढे चित्रकार म्हणून गाजलेला होगार्थ तरुणपणी चांदीवर कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारी करीत होता. या तबकाच्या मधोमध त्या आटवलेल्या मुद्रेच्या दोन्ही बाजूंचे चित्र कोरलेले आहे. वस्तू गेली, पण तिची आठवण तिच्याच चांदीवर लिहून ठेवली गेली.

सगळ्याच चांदीच्या नशिबी हे भाग्य नव्हते. सरदारांच्या घरची चांदी ही शोभेची असली, तरी मुळात ती साठवलेला पैसाच होती. 1642 साली इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा दोन्ही पक्षांनी घरोघरची व विद्यालयांची चांदी गोळा करून तिची नाणी पाडली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुद्रा मुशीत विरघळून शिपायांच्या पगारात गेल्या. अडचण आली, की सरदार आणि सोनाराच्या दारात उभी असलेली माझी आई, दोघांची वाट एकच.

लंडनमध्ये चान्सरी लेनजवळ जमिनीखाली चांदीची दुकाने आहेत. मूळची ही तिजोऱ्यांची जागा. आज तेथे जाडजूड पोलादी दारांआड जुनी चांदी विकली जाते. एका वृद्ध दुकानदाराने माझ्या हाती एक लहान तबक दिले. मधोमध जागा अगदी कोरी होती. “यावर काहीच कसे नाही?” असे मी विचारले. त्याने माझा अंगठा तबकाच्या मध्यावर आणि बोट खालच्या बाजूला ठेवून दाबायला सांगितले. तेथे पत्रा किंचित पातळ लागला. मग तो म्हणाला, “आता त्यावर फुंकर घाला. तोंड उघडून, ऊबदार.” मी श्वास सोडला. चांदीवर धुके पसरले आणि त्या धुक्यात क्षणभर ढालीची पुसट कड दिसली. लगेच नाहीशीही झाली.

एखाद्या घराण्यावर पडता काळ आला, की विकण्यापूर्वी अशी मुद्रा घासून टाकीत. कधी विकत घेणारा आपली मुद्रा कोरण्यासाठी जुनी पुसून टाकी. बाजारात अशा तबकाची किंमत कमी येते, असे तो म्हणाला. मी ते हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. आपले नाव परक्या तराजूत पडू नये, त्याची मोड होऊ नये, म्हणून ते आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या शब्दाने पुसायला लावणारी आई त्या भुयारात मला समजली. नाव विकायचे नव्हते. फक्त चांदी विकायची होती.

परत आल्यावर मी चांदीचे एक फुलपात्र घेतले आणि आईपुढे ठेवले. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला तबकाची हकीकत सांगितली आणि म्हटले, “यावर तुझे माहेरचे नाव घालून आणतो.” तिने फुलपात्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले, पदराने पुसले, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “या घरात साठ वर्षे काढली, बाळ. ती काय वाया गेली? दोन्ही घाल.”

आता नावे विजेच्या लेखणीने घालतात. ती टक्‌टक् ऐकू येत नाही. कारागिराने विचारले, “ही दोन बायकांची नावे का?” मी म्हटले, “नाही. एकीचीच.”