जमेचे वर्ष

सांगलीस माहेरी असताना, २०२२-२३ मध्ये, तिने वाणिज्य शाखेचे पहिले वर्ष पूर्ण केले आणि विवाह होऊन ती पुण्यास आली. पुढे संसार आणि पाठोपाठ बाळ. शिक्षण राहिले ते राहिलेच. गुणपत्रिका कपाटात शालूखाली पडून होती. बाळ बालवाडीत जाऊ लागले तेव्हा सासऱ्यांनीच विषय काढला, “सूनबाई, राहिलेलं शिक्षण पुरं करून टाक.”

तिला धास्ती होती ती निराळीच. विद्यापीठ बदलले; आता केलेले वर्ष वाया तर जाणार नाही? पुण्याच्या महाविद्यालयाने तिला ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये खाते उघडण्यास सांगितले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत प्रत्येक विद्यार्थ्याचे बारा अंकी क्रमांकाचे खाते असते. मिळवलेले श्रेयांक शिक्षणसंस्थाच त्यात जमा करते. विद्यार्थ्याच्या हातचा कागद तेथे चालत नाही. हे श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात आणि दुसरी संस्था तेथेच त्यांची पडताळणी करते. भुसार बाजारात हयात गेलेल्या सासऱ्यांना हे चटकन उमगले. ते म्हणाले, “म्हणजे ज्यानं माल दिला, त्यानंच पावती फाडायची. चोख व्यवहार.”

खाते उघडले, परंतु ते रिकामेच राहिले. आधारवर सासरचे नाव, विद्यापीठाच्या नोंदीत माहेरचे. यंत्राच्या लेखी त्या दोन निराळ्या स्त्रिया होत्या. आधारवर माहेरचे नाव पुन्हा लावावे, असा एक मार्ग निघाला. सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. “लोक काय म्हणतील?” त्यांनी हळूच विचारले.

“कष्ट त्या नावानं केले,” सासरे म्हणाले, “तर पदवीही त्याच नावावर येऊ दे. आपल्या घरची ती आहेच.”

राजपत्र, आधार केंद्र, जुने महाविद्यालय असे बरेच हेलपाटे झाले. अखेर एका दुपारी मोबाईलच्या पडद्यावर पहिल्या वर्षाचे श्रेयांक उमटले. तिने फोन आधी सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून सुनेचे माहेरचे नाव सावकाश वाचले आणि म्हणाल्या, “उद्यापासून बाळाला शाळेतून मी आणीन.”

मुलीचे शिक्षण अपुरे असता लग्न ठरले, तर कागदोपत्री नाव बदलण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये. तिने कमावलेले तिच्याच खात्यावर जमा राहावे, एवढी काळजी दोन्ही घरांनी घ्यावी.